वरचे गाव, खालचे गाव



कन्हान नदी छिंदवाडा जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगरांत उगम पावते, सौसरच्या मुलखातून वाहत नागपूर जिल्ह्यात उतरते आणि तेथे पेंच व कोलार ह्या नद्यांना सोबत घेऊन पुढे वैनगंगेस मिळते. मोहगाव, सौसर, लोधीखेडा ह्या बाजूच्या ओढ्यानाल्यांचे पाणी अखेर ह्याच नदीत जाते. आजच्या सदरात आम्ही ह्या नदीच्या खालच्या पात्राकडील काही खेड्यांची हकीकत सांगणार आहोत. जे त्यांच्यावर ओढवले ते आपल्यावर ओढवू नये, आणि आपल्या हातून तर ते दुसऱ्या कोणावर मुळीच ओढवू नये, एवढीच आमची मनीषा आहे.

नागपूर शहराच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे कोळशावर वीज निर्माण करणारी दोन मोठी केंद्रे आहेत. कोराडीचे केंद्र १९७४ साली सुरू झाले, खापरखेड्याच्या आजच्या केंद्राचा पहिला संच १९८९ साली. पुढे दोहोंचाही विस्तार झाला. ह्या केंद्रांनी महाराष्ट्रातील घरांत दिवे लावले, शेतांतील पंप चालवले आणि भोवतालच्या खेड्यांतील पुष्कळ तरुणांच्या हातांना काम दिले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु चुलीत लाकूड जाळले म्हणजे राख उरतेच. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण बरेच मोठे. शंभर मण कोळसा जाळला तर सामान्यतः तीस ते चाळीस मण राख मागे राहते. रोज हजारो टन कोळसा जाळणाऱ्या केंद्राच्या राखेचे काय करावयाचे, हा प्रश्न तेथे पहिल्या दिवसापासूनच उभा होता.

ही राख पाण्यात कालवून मोठ्या नळांवाटे दूरच्या तळ्यांत सोडण्यात येते. राख तळाशी बसते आणि वरचे पाणी निघून जाते, अशी ती योजना. पण दूध आटवले म्हणजे ज्याप्रमाणे खवा घट्ट होतो, त्याप्रमाणे कोळशात अंशमात्र असलेले शिसे, आर्सेनिक ह्यांसारखे विषारी पदार्थ राखेत अधिक दाट होऊन उरतात. तळ्याच्या बुडाला पक्के अस्तर नसेल तर ते पाण्याबरोबर जमिनीत झिरपतात. जमिनीखालचे पाणी एका जागी स्वस्थ बसत नाही. ते उताराच्या दिशेने सरकत विहिरीत आणि बोअरात येते. उन्हाळ्यात तळे सुकले म्हणजे तीच राख वाऱ्यावर उडून शेतांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि उघड्या हंड्यांवर बसते.

खसाळा, म्हसाळा, कवठा, वारेगाव, सुरादेवी ही ह्या परिसरातील गावे. तेथील लोकांच्या तक्रारी पुष्कळ वर्षांच्या होत्या. त्या तक्रारींना आकड्यांचे बळ मिळाले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. मंथन अध्ययन केंद्र, सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर ह्या संस्थांनी परिसरातील पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून आपला अहवाल त्या महिन्यात प्रसिद्ध केला. अनेक ठिकाणच्या पाण्यात पारा, आर्सेनिक, शिसे आदी पदार्थ पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेहून अधिक आढळले. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी खापरखेडा केंद्राच्या नांदगाव येथील तळ्यात राख सोडणे थांबविण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी जुलै महिन्याच्या मध्यास, भर पावसात, कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत शिरला, नाल्यात उतरला आणि कन्हानपर्यंत पोहोचला. नागपूर शहराच्या मोठ्या भागास कन्हानवरील जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी मिळते; त्या पुरवठ्यातही व्यत्यय आला. जे दुःख खेड्यांतील विहिरींत वर्षानुवर्षे मुकाट्याने झिरपत होते, ते त्या दिवशी शहराच्या नळापर्यंत गेले आणि मग सर्वांच्या दृष्टीस पडले. खेड्याचे पाणी बिघडले की ते खेड्याचे गाऱ्हाणे, आणि शहराचे बिघडले की ते राज्याचे संकट, असा जगाचा व्यवहार आहे. म्हणूनच खेड्याने आपले गाऱ्हाणे कसे मांडावे ह्याचा विचार अगोदरच करून ठेवला पाहिजे.

ह्या संबंधात आणखी एका गावाचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे खेडे आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथे हिंदुस्थान ॲग्रो केमिकल्स व तिच्या भगिनी कंपन्यांचे रासायनिक कारखाने उभे राहिले. त्यांपैकी एकात कपड्यांच्या रंगांसाठी लागणारे ‘एच ॲसिड’ नावाचे द्रव्य निघू लागले. त्याचे उत्पादन थोडेच काळ चालले, पण त्यातून सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उरला, आणि तो उघड्यावर टाकण्यात आला. पावसाने तो जमिनीत मुरवला. विहिरींचे पाणी गर्द तपकिरी झाले; माणसांस पिता येईना, ढोरांस पाजता येईना, शेतीस देता येईना. गावकरी संतापून उठले आणि १९८९ च्या आरंभी ते उत्पादन बंद पडले. त्याच वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसला पाहिजे. नागपूरच्याच नीरी ह्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने तेथील जमीन व पाणी तपासून शुद्धीकरणाच्या खर्चाचा अंदाज बांधला होता. तरीही कज्जा लांबतच गेला, आणि जुलै २०११ मध्ये न्यायालयास ३७ कोटी ३८ लक्ष ५० हजार रुपये व्याजासह भरण्याचा हुकूम पुन्हा द्यावा लागला.

वाचकांनी ह्या सनांकडे जरा लक्ष द्यावे. कारखाना बंद पडला १९८९ मध्ये, आणि पैशाचा अखेरचा हुकूम झाला २०११ मध्ये. मधल्या बावीस वर्षांत त्या गावात जन्मलेली मुले मोठी होऊन संसारास लागली. न्याय मिळाला हे खरेच. परंतु निकालपत्राने विहीर धुतली जात नाही. जमिनीखालचे पाणी एकदा बिघडले की पैसा, कायदा आणि विज्ञान ही तिन्ही एकत्र आली तरी ते पूर्ववत होण्यास पिढी लागते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पाण्याच्या बाबतीत तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय सोडून दिली पाहिजे. पाणी चांगले आहे तेव्हाच त्याची राखण करावी.

आता आपल्या मुलखाकडे वळू. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौसर ह्या तहसिली मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. हा मुलूख संत्र्यांचा आणि कापसाचा. त्याचबरोबर सौसरजवळ बोरगाव येथे औद्योगिक क्षेत्र आहे, आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्याच्या आसपास नवे कारखाने यावेत अशी पुष्कळांची इच्छा आहे. ही इच्छा योग्यच आहे. जमिनीचे तुकडे झाले, बागांना रोग लागला, घरातील दोघे-तिघे तरुण कामासाठी नागपूरची वाट धरतात. अशा वेळी घराजवळ पगार मिळत असेल तर आईबापांना आनंद का होऊ नये? येथे आम्ही कोणत्याही कारखान्यावर ठपका ठेवीत नाही. पुराव्यावाचून ठेवलेला ठपका हा अन्यायच होय, मग तो धनवंतावर असो की गरिबावर. आमचा प्रश्न निराळा आहे. उद्या एखाद्या विहिरीच्या पाण्याची चव बदलली, बोअरच्या पाण्यावर तवंग दिसू लागला, नाल्यातील मासे वर आले, तर आपल्या गावाला काय करावयाचे हे ठाऊक आहे काय?

अशा वेळी गावाचे सर्वांत मोठे नुकसान पाण्याने होते असे नाही. ते फुटीने होते. कारखान्यात कामाला असलेल्या घराला वाटते की, तक्रार झाली तर आपली चूल विझेल. पाण्यात राहून माशाशी वैर कोणी करावे, अशी त्यांची समजूत. दुसऱ्या घराला वाटते की, हे पगारासाठी गावाला विकले गेले. मग पाणवठ्यावर बोलणे बंद होते, लग्नकार्यात जाणे-येणे थांबते, आणि ज्याचा दोष असेल तो दोन्ही पक्षांकडे पाहून निश्चिंत राहतो. ह्या ठिकाणी आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. ज्या घरात कारखान्याचा पगार येतो त्याही घरात हंडा त्याच विहिरीतून येतो. त्या घरातील तान्ह्या मुलाला शिसे काही निराळे वागवीत नाही. कामगार हा गावाचा शत्रू नव्हे. पुष्कळदा कारखान्यातून काय बाहेर पडते आणि केव्हा बाहेर पडते हे त्यालाच अधिक ठाऊक असते. त्याला बोलण्याचे धैर्य हवे असेल तर गावाने त्याला अगोदर आपलेपणा दिला पाहिजे. त्याला एकट्याला पुढे ढकलू नये. सर्वांनी मिळून सह्या कराव्या. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही.

मागणी काय करावी हेही नीट समजून घ्यावे. ‘कारखाना हाकला’ अशी घोषणा सोपी. पण आपली पहिली मागणी ‘पाणी तपासा, आणि दोष असेल तर तो दूर करून मगच काम चालवा’ अशी असावी. सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे असतात, राखेच्या तळ्याला अस्तर घालता येते, राखेच्या विटा व सिमेंट करता येते. कोळशाच्या राखेचा पूर्ण वापर केलाच पाहिजे आणि न केल्यास दंड भरला पाहिजे, असा नियम केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केला. भाकर आणि पाणी ह्यांतून एकच निवडा असे जेव्हा गावाला सांगण्यात येते, तेव्हा बहुधा कोणाचा तरी खर्च वाचविण्यासाठीच ते सांगण्यात येत असते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. आमच्या वाचकांतील माता-भगिनींनी ह्या विशेष लक्षपूर्वक वाचाव्या, कारण पाणी भरणे त्यांच्याच शिरावर असते आणि पाण्यातील फरकही प्रथम त्यांनाच कळतो.

पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्दोष असते असे नाही. शिसे, पारा, आर्सेनिक ह्यांना पाण्यात रंग नसतो, वास नसतो, चव नसते. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात शिशाचे प्रमाण मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहून अधिक असू नये, आर्सेनिकचेही तितकेच. पाऱ्याचे तर हजाराव्या भागाहून अधिक नसावे. एवढे सूक्ष्म प्रमाण जिभेला कळणे शक्य नाही. शिसे लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीस अपाय करते. आर्सेनिकाचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर कातडीवर डाग पडतात, तळहात-तळपाय राठ होतात आणि पुढे कर्करोगाचे भय असते.

पाणी उकळल्याने जंतू मरतात. ही सवय चांगली आहे व ती सोडू नये. परंतु उकळल्याने धातू नाहीसे होत नाहीत. उलट पाणी आटते आणि धातू तेवढाच राहतो. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याचेही तेच; तिचे काम जंतूंपुरते. ज्या विहिरीविषयी कारखान्याच्या घाणीची शंका आहे तिचे पाणी तपासणी होईपर्यंत पिण्यास व स्वयंपाकास घेऊ नये, निदान तान्ह्या मुलांना आणि गरोदर बायकांना तरी देऊ नये. त्यांच्यापुरता दुसरा पाणवठा शोधावा.

तपासणीची सोय आता पूर्वीसारखी दुर्मीळ नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनात दर गावी पाच स्त्रियांना पाणी तपासण्याची लहान पेटी वापरावयास शिकविण्याची योजना आहे. तुमच्या गावात ह्या पाच जणी कोण, हे विचारा. नसतील तर पंचायतीकडे मागणी करा. ही पेटी क्षार, लोह, नायट्रेट, फ्लोराइड अशा गोष्टी दाखविते. शिसे आणि पारा मात्र तिला ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या मार्फत प्रयोगशाळेतच नमुना पाठवावा लागतो, आणि ‘धातूंची तपासणी हवी’ असे अर्जात स्पष्ट लिहावे लागते. पेटीतील तपासणी ठीक आली एवढ्यावर समाधान मानू नये. एकच विहीर उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तपासावी, कारण पावसाने दोष कधी विरतो तर कधी वाहून नव्याने येतो.

सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र प्रयोगशाळेत नाही. ती दुकानात वीस-पंचवीस रुपयांना मिळते. ती म्हणजे वही. गावच्या प्रत्येक विहिरीचे आणि हातपंपाचे एक पान करावे. पाण्याचा रंग, वास, चव केव्हा बदलली, कोणी पाहिले, ढोरे कधी आजारी पडली, मासे कधी मेले, नमुना कोणत्या दिवशी कोणाकडे दिला, हे तारीखवार लिहावे. ह्याचे कारण कायद्यात आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य विभागाचे पीठ भोपाळ येथे आहे. तेथे पर्यावरणाच्या वादाचा अर्ज, ते कारण प्रथम घडल्यापासून साधारणतः सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. नुकसानभरपाईच्या मागणीस पाच वर्षांची मुदत आहे. न्यायालय विचारते की, हे प्रथम केव्हा घडले? ज्या गावाने तारीख लिहून ठेवली नाही त्या गावाला ‘फार दिवस झाले’ ह्यापलीकडे उत्तर नसते.

तक्रार तोंडी करू नये. मोहगावासारख्या ठिकाणी नगर परिषदेत, आणि खेड्यांत ग्रामसभेत, ठराव करून घ्यावा. त्याची प्रत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळास आणि कलेक्टरांस द्यावी व पोच घ्यावी. मंगळवारची जनसुनवाई त्यासाठीच आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने मंडळाच्या अधिकाऱ्यास कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना रीतसर घेण्याचा अधिकार आहे, आणि असा रीतसर नमुनाच खटल्यात कामास येतो. तो घेतला की नाही, त्याचा निकाल काय आला, हे २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

येथे एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगितली पाहिजे. पाण्यातील प्रत्येक दोष कारखान्याचा नसतो. नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक झाले म्हणजे वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना धोका असतो. आणि हे नायट्रेट बहुतेक वेळा आपल्याच शेतातील युरियाने, विहिरीलगतच्या उकिरड्याने आणि संडासाच्या खड्ड्याने येते. संत्र्याच्या बागेत फवारणी करून पंप ओढ्यात धुणारा शेतकरी आणि रात्री नाल्यात सांडपाणी सोडणारा कारखाना ह्यांच्या अपराधात आकाराचा फरक आहे, जातीचा नाही. दुसऱ्याला हिशोब विचारणाऱ्या गावाने आपला उकिरडा विहिरीपासून दूर नेलेला असावा. त्याने आपल्या तक्रारीचे वजन वाढते.

पाण्यावर प्रत्येक माणसाचा हक्क आहे, हे आता जगाने मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी तसा ठराव केला, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात शुद्ध पाणी मिळणे हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे निक्षून सांगितले. परंतु हक्क म्हटला की तो आपल्याइतकाच खालच्या गावचाही असतो. शेजारी कोण, ह्या जुन्या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा कुंपणापलीकडे शोधतो. नदीकाठी राहणाऱ्यांसाठी शेजारी तो की ज्याच्या हंड्यात आपण वापरून सोडलेले पाणी जाते. आपण त्याचे तोंड पाहिलेले नसते. खसाळ्याची, कवठ्याची, वारेगावची माणसे मोहगावकरांना कोठे ठाऊक आहेत? तरीही कन्हानने त्यांना आणि आपल्याला एका काठावर बसविले आहे. वरून येणाऱ्या पाण्यासाठी आपण जितके जागरूक राहू, तितकेच खाली जाणाऱ्या पाण्यासाठीही राहिले पाहिजे.

असो. ह्या आठवड्यात आमच्या वाचकांनी एवढेच करावे: एक वही आणावी, पहिल्या पानावर आपल्या विहिरीचे नाव आणि आजची तारीख घालावी, आणि आज पाणी कसे आहे ते लिहावे. पाणी गोड व निर्मळ असेल तर तसेच लिहावे. पुढे कधी वाईट दिवस आलाच, तर त्या पहिल्या पानासारखा साक्षीदार गावाला दुसरा मिळणार नाही.